पाठलाग ‘गंभीर’ कधी ठरतो? पहिल्या तक्रारीत काय लिहिलंय ते आधी बघा

म्हापशाजवळच्या एका गावातून एका भावाने विचारलं आहे. त्याची धाकटी बहीण तेवीस वर्षांची, पणजीत पाटोवर नोकरीला. रोज म्हापसा-पणजी शटलने जाते-येते. २०२४ च्या शिगम्याच्या सुमारास तिला एक स्थळ सांगून आलं. घरच्यांनी नको म्हणून कळवलं, तिनेही त्या मुलाला तोंडावर नको सांगितलं. तेव्हापासून तो म्हापशाच्या बस स्टँडवर उभा असतो, मागच्या बसने पणजीला येतो, ऑफिसखाली थांबतो. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून मेसेज. ‘एकदा पणजी स्टँडवर हात धरला होता, पण लोक जमले म्हणून सोडला,’ असं भावाने ओघात लिहून टाकलंय. तोंड कोणाला दाखवण्यासारखं ठेवणार नाही, असा एक कोंकणीतला मेसेज आलाय. ती कुठे आहे हे कोणी न सांगता त्याला कळतं. एकदा पोलीस स्थानकात जाऊन आले. पोलिसांनी त्याला बोलावून समज दिली, माफीनामा लिहून घेतला. थोडे दिवस शांत गेले आणि पुन्हा तेच. आता प्रश्न असा: ‘अमेरिकेत अ‍ॅग्रॅव्हेटेड स्टॉकिंग असा वेगळा, कडक गुन्हा आहे म्हणे. आपल्याकडे तसं काही आहे, की तीन वर्षं आणि जामीन एवढंच?’

तसं वेगळं कलम आपल्याकडे नाही. पण म्हणून या माणसावर ‘तीन वर्षं आणि जामीन’ एवढंच लागतं असंही नाही. मी गोव्यात फौजदारी वकिली करते. अशी प्रकरणं तक्रारदाराकडून आणि आरोपीकडून अशी दोन्ही बाजूंनी हाताळली आहेत. त्यावरून सांगते, या प्रकरणातला सगळ्यात वजनदार भाग भावाने ओघात लिहिलेल्या वाक्यांमध्ये आहे. नेमकी तीच वाक्यं पोलीस स्थानकातल्या पहिल्या अर्जात नसतात.

आधी परदेशाचं आटोपते. फ्लोरिडा राज्यात साधा पाठलाग वेगळा आणि गंभीर पाठलाग वेगळा. पाठलागाबरोबर खरी वाटावी अशी धमकी दिली, किंवा कोर्टाचा मनाई आदेश असताना तो मोडून पाठलाग केला, किंवा पीडित व्यक्ती सोळा वर्षांखालची असली, की तो गंभीर प्रकारात जातो आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत पोचते. जॉर्जियात मनाई आदेश किंवा जामिनाची अट मोडून केलेल्या पाठलागाला एक ते दहा वर्षं आहेत. इंग्लंडमध्ये २०१२ साली पाठलागाची स्वतंत्र कलमं आली. त्यात हिंसेची भीती किंवा गंभीर मानसिक त्रास देणाऱ्या प्रकाराला आता दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे तिकडे एकाच गुन्ह्याच्या दोन पायऱ्या केल्यात. आपल्याकडे पायरी एकच. वरचं गांभीर्य दुसऱ्या कलमांतून यावं लागतं, आणि ती कलमं तक्रारीतल्या मजकुरावर लागतात.

आपलं मूळ कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५४-ड. हे कलम डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालामागोमाग २०१३ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी पाठलाग हा आपल्या दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा नव्हताच. तुमच्या बहिणीचं प्रकरण शिगम्यापासून, म्हणजे मार्च २०२४ पासून सुरू होतं. त्यामुळे तक्रारीत जुन्या आणि नव्या, दोन्ही कायद्यांची कलमं येतील. त्याने गोंधळून जाऊ नका, गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा जवळपास तीच आहे. फक्त प्रत्येक घटनेपुढे तारीख हवी, निदान महिना तरी.

कलम ७८ चे दोन भाग आहेत आणि दोघांची गरज वेगळी आहे. पहिला: स्त्रीने नकार स्पष्ट कळवलेला असताना तिच्या मागे जाणं आणि जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं. इथे ‘वारंवार’ आणि ‘स्पष्ट नकार’ हे दोन्ही सिद्ध करावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अलीकडेच म्हटलंय की मागे गेल्याच्या एकाच प्रसंगावरून हा गुन्हा होत नाही. गोवा त्याच उच्च न्यायालयाखाली येतं, त्यामुळे पर्वरीच्या उच्च न्यायालयात हा मुद्दा आरोपीचा वकील पहिल्या झटक्यात काढतो. दुसरा भाग: स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं. इथे ना नकाराची अट, ना वारंवार घडण्याची. नवऱ्याने, माजी मित्राने, शेजाऱ्याने, कोणीही चोरून तिचं व्हॉट्सअ‍ॅप वाचलं तरी ते या भागात बसतं. लोकांना हा भाग ठाऊकच नसतो.

शिक्षा पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत आणि दंड, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत. पहिला गुन्हा जामीनपात्र, दुसरा अजामीनपात्र. इथे मोठा गैरसमज आहे. ‘आमची ही दुसरी तक्रार आहे, आता तरी अजामीनपात्र होईल ना?’ असं खूप जण विचारतात. नाही होत. दुसऱ्यांदा म्हणजे एकदा कोर्टाने शिक्षा दिल्यानंतर पुन्हा केलेला गुन्हा. पहिला खटला निकाली लागायला वर्षं जातात. तोवर तो कितीही वेळा स्टँडवर उभा राहिला तरी कायद्याच्या हिशोबात तो पहिलाच गुन्हा असतो. मला विचाराल तर २०१३ साली संसदेने पहिला गुन्हा जामीनपात्र ठेवला, ही या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. कारण जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. पोलीस स्थानकातच जामीन होतो, आणि हजर राहण्याच्या हमीपलीकडे ‘तिला फोन करायचा नाही, तिच्या ऑफिसजवळ फिरकायचं नाही’ अशा अटी घालता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे २००९ साली स्पष्ट केलंय. मुलीला नेमकी त्या अटींचीच गरज असते.

म्हणून आता तुमच्या पत्रातली तीन वाक्यं घेते.

पहिलं, ‘हात धरला होता.’ हे पाठलागाचं शेपूट नाही. विनयभंगाच्या हेतूने किंवा तो होईल हे माहीत असताना स्त्रीवर बळाचा वापर करणं हे कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे: किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं, दखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र. तारीख किंवा आठवडा, सकाळची वेळ की संध्याकाळची, कुठल्या फलाटाशी, कोणता हात, कसा धरला, तो काय बोलला, ती काय बोलली, कोण मध्ये पडलं, हे सगळं लिहा. स्टँडवरचा गाडेवाला, कंडक्टर, रोज बरोबर येणारी मैत्रीण, कोणी ना कोणी पाहिलेलं असतं. नाव माहीत नसलं तर ‘शेंगदाण्याच्या गाड्यावरचा माणूस’ एवढंही चालतं, शोधणं पोलिसांचं काम आहे. कलम ७४ लागलं म्हणून तो लगेच आत जाईल असं मात्र समजू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात आणि बहुधा देतात. फरक पडतो तो जामिनात. आता त्याला कोर्टात अर्ज करावा लागतो, अटकपूर्व असो वा नंतरचा. कोर्ट तिथे अटी घालू शकतं: संपर्क नाही, अमुक ठिकाणी जायचं नाही, साक्षीदारांना भेटायचं नाही. त्या मोडल्या तर जामीन रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. फ्लोरिडातला मनाई आदेश आपल्याकडे जर कुठे सापडत असेल तर तो या जामिनाच्या अटींत. त्या सुनावणीत तुमच्या बहिणीला बोलता येतं. पीडितेचं म्हणणं ऐकलं जावं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठामपणे सांगितलंय. सरकारी वकिलाला आदल्या दिवशी भेटा आणि नेमक्या कोणत्या अटी हव्यात ते कागदावर लिहून द्या: म्हापसा स्टँड, पणजी स्टँड, ऑफिसची इमारत, घराचा वाडा. ‘त्रास देऊ नये’ अशी मोघम अट मोडली की नाही यावर पुढे वाद होतात.

दुसरं, तोंडाविषयीचा मेसेज. चेहरा कायमचा विद्रूप करणं ही कायद्यात गंभीर दुखापत आहे. गंभीर दुखापतीची धमकी कलम ३५१ च्या उपकलम ३ मध्ये येते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच उपकलमात आणखी एक गोष्ट आहे जी खेडोपाडी फार घडते, ती म्हणजे स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी. ‘तुझं लग्नच होऊ देणार नाही, सगळ्यांना सांगेन तू कशी आहेस ते’ हे बोलणं नुसतं बोलणं राहत नाही. आणि धमकी नाव लपवून, भलत्याच नंबरवरून दिली असेल तर उपकलम ४ खाली आणखी दोन वर्षांपर्यंत शिक्षा वाढते. धमकीचं कलम एकटं असेल तर ते अदखलपात्र आहे, पोलीस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून मोकळे होतात. पण ज्या तक्रारीत एकही दखलपात्र गुन्हा आहे ती सगळी तक्रार दखलपात्र धरून तपासावी लागते. ७८ दखलपात्र आहे. म्हणून धमकीची वेगळी चिठ्ठी देऊ नका, एकाच तक्रारीत सगळं एकत्र द्या.

त्या मेसेजमधले शब्द आहेत तसेच तक्रारीत उतरवा. आपल्याकडे एफआयआर बहुतेक वेळा इंग्रजीत टाइप होतो. धमकी कोंकणीत असते, तक्रारदार मराठीत सांगतो, आणि कागदावर येतं ‘थ्रेटन्ड विथ डायर कॉन्सिक्वेन्सेस’. हे वाक्य इतक्या एफआयआरमध्ये असतं की न्यायाधीश त्यावरून नजर पुढे नेतात. ‘तुजें तोंड कोणाक दाखोवपासारकें दवरचो ना’ असं जसंच्या तसं आलं, तर ती गंभीर दुखापतीची धमकी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून आपली तक्रार घरी बसून मराठीत स्वतः लिहा, सही करा, दोन प्रती न्या, एकीवर पोहोच घ्या, आणि एफआयआर वाचून समजावून दिल्याशिवाय त्यावर सही करू नका. वाचून दाखवणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि तक्रारदाराला प्रत फुकट मिळते.

तिसरं, ‘ती कुठे आहे ते त्याला कळतं.’ ही पाळत कदाचित फोनमधून आहे. आज रात्री बहिणीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर किंवा ब्राउझर दिसला तर लगेच काढून टाकू नका. दुसऱ्या फोनने त्या पानाचा तारीख-वेळेसह व्हिडिओ घ्या, मग लॉग आउट करा. गुगल खात्यात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत, लोकेशन कोणाला शेअर होतंय, फोन मधे कोणाकडे दुरुस्तीला दिला होता का, जुना फोन कोणाला दिला का, हे तपासा. काही सापडलं तर कलम ७८ चा दुसरा भाग सरळ लागतो, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लागतात: दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणं, खात्यात विनापरवाना शिरणं. त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळे प्रकरण आपोआप पीआयच्या टेबलावर जातं. गुंतागुंतीचं असेल तर रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस स्थानकाची मदत घेता येते. स्कूटरला लावलेला ट्रॅकर सापडला तर मात्र एक अडचण आहे. कलमाचे शब्द ‘तिच्या इंटरनेट वा इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत’ असे आहेत. ट्रॅकर गाडीवर पाळत ठेवतो, तिच्या फोनवर नाही. म्हणून ट्रॅकरला ‘मागे जाणं’ या पहिल्या भागाचा पुरावा म्हणून मांडायचं. आणि तो हाताने उचलून फेकू नका. आहे त्या जागी त्याचे फोटो काढा आणि पोलिसांना पंचनामा करून काढू द्या.

आता माफीनामा. तो घेतला गेल्याने तुम्ही निराश झालात हे दिसतंय, आणि एवढ्या तक्रारीवर ‘समज देऊन सोडलं’ हे चूकच आहे. पण तो कागद तुमच्या कामाचा आहे. ‘यापुढे मी तिला भेटणार नाही, फोन करणार नाही’ असं त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. म्हणजे नकार त्याला कळला होता याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. ‘तिने कधी स्पष्ट नाही म्हटलंच नाही’ हा बचाव त्या दिवशीच संपला. त्याची प्रत मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. निदान कोणत्या तारखेला बोलावलं, कोणता अधिकारी होता, स्टेशन डायरीत नोंद झाली का, हे नव्या तक्रारीत लिहा. माफीनाम्यानंतरची प्रत्येक घटना वेगळ्या परिच्छेदात द्या.

नकाराबद्दल आणखी एक. तोंडी दिलेला आणि घरच्यांमार्फत कळवलेला नकारही नकारच. पण बहिणीने एकदाच, एका ओळीत, त्याच्या माहीत असलेल्या नंबरवर लिहावं: ‘मला तुमच्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही, मला फोन, मेसेज करू नका, मागे येऊ नका.’ त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही, रागाचं नाही, समजावणीचं नाही, ‘प्लीज’ तर नाहीच. उत्तरांची मालिका असली की उलटतपासणीत तिचंच संभाषण तिच्यासमोर वाचलं जातं.

पुराव्यासाठी स्क्रीनशॉट काढा. पण मूळ फोन आणि मूळ मेसेज हा खरा पुरावा, स्क्रीनशॉट ही त्याची नक्कल. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, चॅट पुसू नका. नाव सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये त्याचा नंबरही दिसू द्या. नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, एक उपकरण वापरणाऱ्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, येते. प्रमाणपत्राशिवाय नक्कल वाचता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या कलमाबद्दल पक्कं केलं होतं. हे काम तपास अधिकाऱ्याचं आणि सरकारी वकिलाचं, पण राहून गेलं तर नुकसान तुमचं, म्हणून आरोपपत्र दाखल होण्याआधी विचारत राहा. सीसीटीव्हीचं फुटेज थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं. स्टँडवरच्या आणि ऑफिसच्या इमारतीच्या कॅमेऱ्यांसाठी तक्रारीच्या दिवशीच लेखी मागणी करा. ऑफिसच्या सुरक्षारक्षकाच्या वहीत काही नोंद असेल तर तिचाही फोटो घ्या.

तक्रार कुठे द्यायची? म्हापशाला द्या किंवा पणजीला, घटना दोन्हीकडे घडल्यात. ‘हा भाग आमच्या हद्दीत नाही’ हे कारण आता चालत नाही. झीरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्थानकाने घेऊन पुढे पाठवायचा आहे. पणजीत महिला पोलीस स्थानक आहे. ते सोयीचं नसेल तरी कलम ७४ ते ७९ खालची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे, हा बहिणीचा हक्क आहे. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. साक्षीसाठी तिला पुन्हा पुन्हा पोलीस स्थानकात बोलावता येत नाही, तिचा जबाब घरी घ्यावा लागतो. आणि तो प्रत्यक्ष मागे असेल, रस्त्यात अडवत असेल, तर अर्जाचा विचार करू नका, ११२ फिरवा. तो कॉल नोंदला जातो आणि पुढे पुरावाही होतो.

पोलीस घेत नसतील तर? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षं किंवा जास्त आणि सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकाल तेव्हा ती परवानगी कधी घेतली ते लेखी विचारा. चौदा दिवस उलटले की पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज, आणि तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एक खाचही लक्षात ठेवा. तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा करणारं न्याय संहितेचं कलम १९९ पाठलागाचं कलम मोजत नाही, पण ७४ मोजतं, आणि स्त्रीच्या खाजगीपणावर अतिक्रमण किंवा तिचा अपमान करणाऱ्या शब्द-हावभावांचं कलम ७९ सुद्धा मोजतं. तुमच्या घटनांत ७४ आणि ७९ दोन्ही बसतात. अर्जात ती कलमं नावानिशी लिहा.

भाऊ म्हणून तुमच्याबद्दलही बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की मित्रांना घेऊन त्याला ‘गाठायचं’ मनात आहे. कृपा करून हे करू नका. चार जणांनी अडवून दोन थपडा दिल्या की तुमच्यावर जमावाने मारहाण आणि अडवणूक असा गुन्हा उभा राहतो. मग दोन्हीकडचे लोक बसून ‘दोघांनी आपापल्या केसी मागे घ्या’ म्हणतात आणि बहिणीची तक्रार त्या सौद्यात जाते. अशी कितीतरी चांगली प्रकरणं भावांच्या आणि चुलत्यांच्या रागापायी मेलेली मी पाहिली आहेत. त्याऐवजी पोलिसांकडे मागणी करा की मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांपुढे, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून, त्याच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याचा प्रस्ताव पाठवावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली एक वर्षापर्यंतचं बंधपत्र घेता येतं. खटल्याला वर्षं लागली तरी हे काम लवकर होतं. आणि आपल्या गावांत मामलेदाराच्या कोर्टात बापाला जामीनदार म्हणून उभं राहावं लागलं की घरातूनच मुलावर दाब येतो. दिवाणी कोर्टातून मनाई हुकूमही मागता येतो. पण ज्याने पोलिसांसमोरचा माफीनामा मोडला त्याच्यासाठी मी फौजदारी मार्गाला प्राधान्य देईन.

हेच प्रकरण थोडं वेगळं असतं तर वाट वेगळी असती. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर बालकाच्या वारंवार मागे जाणं, पाळत ठेवणं, संपर्क करणं हे पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम ११ मध्येच आहे. आपल्याकडे २००३ चा गोवा बाल कायदा आणि पणजीचं बाल न्यायालय वेगळं आहेच. मागे लागलेला माणूस नवरा, माजी नवरा किंवा एका घरात राहिलेला जोडीदार असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश घ्या. तो मोडणं हा स्वतंत्र, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. आपल्या कायद्यात ‘आदेश मोडून केलेला पाठलाग’ याच्या सगळ्यात जवळ जाणारी तरतूद ती आहे. फोटोंच्या जोरावर पैसे मागत असेल तर खंडणीचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. तयारीनिशी घरात घुसला तर कलम ३३३. पुरुषाच्या मागे कोणी लागलं तर कलम ७८ लागत नाही, त्याला धमकी, अडवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलमांवरच भागवावं लागतं. हे अन्यायाचं आहे, पण आज कायदा असा आहे.

मुदतीचं म्हणाल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने तीन वर्षांत घ्यावी लागते. जास्त शिक्षेचा गुन्हा बरोबर असेल तर त्याची मुदत धरली जाते. तरी मार्च २०२४ च्या घटनांसाठी थांबण्यात अर्थ नाही.

तक्रार नोंदल्यावर लवकरच बहिणीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होईल. या कलमांत तो घ्यावाच लागतो, आणि शक्यतो महिला दंडाधिकारी घेतात. त्या दिवशी तिला एकटीने बोलायचं आहे, तुम्ही बाहेर. पाठ करून जाऊ नये, पण हात धरल्याचा प्रसंग आणि धमकीचे शब्द या दोन गोष्टी तिथे सुटता कामा नयेत. तक्रारीत आहे आणि या जबाबात नाही, तर पुढे त्यालाच ‘मागाहून रचलेलं’ म्हणतात. नावाबद्दल तिला भीती असेल. ओळख उघड करण्यावरची कायदेशीर बंदी बलात्काराच्या आणि पॉक्सोच्या प्रकरणांना आहे, पाठलागाच्या नाही. त्यामुळे पोलिसांना आणि कोर्टाला, वृत्तपत्रांत नाव जाऊ नये म्हणून, आधीच लेखी विनंती करा. आपल्या छोट्या गोव्यात गाव आणि नोकरीचं ठिकाण छापलं तरी मुलगी कोण ते कळतं, हेही त्या विनंतीत लिहा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्तर गोव्यातही आणि दक्षिण गोव्यातही. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मधल्या काळात त्याच्या घरचे मोठी माणसं घेऊन, नारळ-पेढे घेऊन येतील. हा गुन्हा आपसांत मिटवता येण्यासारख्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, रद्द करायचा तर त्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे तुमच्या बहिणीची संमती विचारली जाते. ती द्यायची की नाही हे तिने ठरवायचं आहे, वडिलांनी नाही आणि तुम्हीही नाही. त्यांनी आणलेल्या कुठल्याही कागदावर घरातल्या कोणीही, वकिलाला दाखवल्याशिवाय, सही करू नये.